‘फिजिओथेरपी अ‍ॅडव्हाइज्ड’ म्हणजे नक्की काय?

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर आणि मोठ्या दवाखान्यांच्या फ्लेक्सवर एकच चित्र फिरतं. वाकडं झालेलं तोंड, खाली पडणारा हात, अडखळणारी जीभ आणि शेजारी एक घड्याळ. साडेचार तासांच्या आत पेशंटला दवाखान्यात आणा. चित्र चांगलं आहे, फिरायलाच पाहिजे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो, हे आता गावागावांत कळायला लागलंय, आणि त्याचं श्रेय या चित्रालाही आहे.

पण ते घड्याळ साडेचार तासांनंतर कोणीच बघत नाही.

माणूस वाचतो. आठव्या-दहाव्या दिवशी घरी येतो. एक हात लोंबतोय, पाय फरफटतोय, शब्द तोंडात येऊन अडकतोय, गिळताना ठसका लागतोय. हातात डिस्चार्ज कार्ड. त्यावर रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, प्रत्येकीचा डोस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेवणाआधी की नंतर, सगळं काटेकोर. आणि सगळ्यात खाली दोन शब्द: ‘फिजिओथेरपी अ‍ॅडव्हाइज्ड’.

किती? रोज की आठवड्यातून दोनदा? किती मिनिटं? कोणाकडे? किती महिने? हाताची की पायाची? बोलण्याचं काय? घास घशाखाली उतरतोय की श्वासनलिकेत जातोय हे कोणी तपासलं का? कार्डावर काही नाही. गोळीच्या बाबतीत एवढी मोघम चिठ्ठी लिहिली, म्हणजे नुसतं ‘गोळी घ्यावी’ असं लिहिलं, तर मेडिकलवाला हसेल. इथे कोणी हसत नाही, कारण पुनर्वसन हा उपचार आहे असंच आपल्या व्यवस्थेला वाटत नाही. ती नंतरची गोष्ट. सोयीची. परवडलं तर करायची.

माझं म्हणणं सरळ आहे. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनासाठी या देशात राष्ट्रीय पातळीवरची, स्पष्ट आकड्यांची आणि जाब विचारता येईल अशी मार्गदर्शक तत्त्वं हवीत. मोघम, सदिच्छावाली नकोत.

तशी ती असतात कशी, हे बघायचं तर ब्रिटनचं उदाहरण घेऊ. सगळंच त्यांचं चांगलं असं मला म्हणायचं नाही, पुढे त्यावरही बोलतो. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी पक्षाघाताची एक राष्ट्रीय क्लिनिकल गाइडलाइन आहे. आधीच्या आवृत्त्यांत लिहिलेलं होतं की पेशंटला गरज असलेली प्रत्येक थेरपी दिवसाला किमान ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ५ दिवस मिळाली पाहिजे. २०२३ च्या आवृत्तीत ते वाढवून दिवसाला एकूण किमान ३ तास केलं, आठवड्यातून किमान ५ दिवस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेनेही ३ तासांचाच आकडा दिला. शिवाय राष्ट्रीय गाइडलाइन म्हणते की उरलेल्या वेळातही पेशंट दिवसाला सहा तासांपर्यंत काही ना काही हालचाल करत राहील अशी सोय हवी. दवाखान्यात आल्यापासून चार तासांत गिळण्याची तपासणी झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही.

आकडे दिसले का? ३ तास. ५ दिवस. ४ तास. याला म्हणतात मार्गदर्शक तत्त्व. नातेवाइकाला बोट ठेवून विचारता येतं, इथे तीन लिहिलंय, आमच्या बाबांना किती मिळाले?

आणि हे आकडे कोणाच्या मनात आले म्हणून लिहिलेले नसतात. २०१५ मध्ये ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाच देश, दोन हजारांहून जास्त पेशंट. पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांत पेशंटला भरपूर वेळा उभं करायचं, चालवायचं, असं केलं तर फायदा होईल अशी अनेकांची अपेक्षा होती. निघालं उलटं. अशा पेशंटचे निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट आले. म्हणजे थोडी थेरपी वाईट, आणि चुकीच्या वेळी घाईने दिलेली जास्त थेरपीही वाईट. औषधासारखाच इथेही डोस असतो, वेळ असते. आणि डोस असेल तर तो कुठेतरी लिहिलेला हवा की नको?

आता आपल्याकडे या.

२०१० मध्ये केंद्र सरकारने एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात, असा चौघांचा मिळून. पक्षाघाताचं नाव निदान पाटीवर होतं. २०२३ मध्ये कार्यक्रमाचं नाव बदलून सरसकट ‘असंसर्गजन्य रोग’ झालं. पाटीवरून नाव गेलं म्हणून काम बंद झालं असं मी म्हणत नाही, पण या चार भावंडांत पक्षाघाताच्या वाट्याला ताटात काय आलं हे ज्यांनी बघितलंय त्यांना नाव गेल्याचं नवल वाटलं नसेल. तपासणी मोहीम म्हटलं की साखर आणि बीपी. गोळ्या म्हटलं की साखर आणि बीपी. ते हवंच. पण ज्याला वारं आधीच जाऊन बसलंय, त्याचं काय?

कोणी म्हणेल, २०१९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने पक्षाघाताचा प्रतिबंध आणि उपचार यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत की! हो, काढल्या आहेत, आणि ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. प्रश्न त्यांच्या पुढचा आहे. त्या पाळल्या जातात की नाही हे कोण मोजतं? ब्रिटनमध्ये पक्षाघाताचं राष्ट्रीय ऑडिट चालतं. कुठल्या रुग्णालयात पेशंटला किती मिनिटं थेरपी मिळाली याची नोंद होते, रुग्णालयांना ए पासून ई पर्यंत श्रेणी मिळते आणि ती जाहीर होते. वर म्हटलं ना, त्यांचं सगळं चांगलं नाही. ते तीन तास तिथेही बहुतेक पेशंटांना मिळत नाहीत. पण मिळत नाहीत हे आकड्यांनिशी माहीत असतं, त्यावरून तिथे ओरड होते. आपल्याकडे ओरडायचं तर कशाच्या जोरावर? आपल्या जिल्हा रुग्णालयाचा असा निकाल तुम्ही कधी पेपरात वाचलाय? दहावीचा लागतो, ग्रामपंचायतीच्या स्वच्छतेचा लागतो. याचा लागत नाही.

आता थोडं गणित करू. सातारा जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३० लाख. भारतातल्या लोकवस्तीवर केलेल्या अभ्यासांमधून पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण १०० ते १५० नवे पेशंट असं येतं. आपण कमीतलं कमी धरू, १००. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला ३,००० नवे पेशंट. त्यातले एक तृतीयांश पहिल्या महिन्यात गेले असं धरा (वाईट वाटतं असं लिहायला, पण धरा). उरले २,०००. त्यातल्या निम्म्यांनाच नीट पुनर्वसनाची गरज आहे असं समजू. म्हणजे १,०००. ब्रिटनचे तीन तास सोडा, त्यांचा जुना ४५ मिनिटांचा हिशोब घ्या, तोही एकाच थेरपीचा, फक्त सहा आठवडे, आठवड्याला ५ दिवस. एका पेशंटमागे ३० बैठका. हजार पेशंटांच्या ३०,००० बैठका.

एक फिजिओथेरपिस्ट दिवसाला अशा आठ बैठका घेऊ शकतो, म्हणजे सलग सहा तास अंगमेहनत. वर्षाला २८० दिवस धरले तर २,२४० बैठका. भागाकार करा. साधारण १४ फिजिओथेरपिस्ट लागतात. नुसत्या पक्षाघातासाठी, एका जिल्ह्याला, कंजूष हिशोबाने. गुडघे, पाठ, अपघातातली हाडं, सेरेब्रल पाल्सीची मुलं यात धरलेलीच नाहीत.

आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्ह्याच्या असंसर्गजन्य रोग क्लिनिकला फिजिओथेरपिस्टची पदं किती? एक. तो एकटा माणूस दुसरं काहीही न करता वर्षभर फक्त पक्षाघाताचे पेशंट बघत बसला तरी ७५ जणांना पुरेल. हजारातल्या ७५ जणांना. बाकीच्या ९२५ जणांना ‘फिजिओथेरपी अ‍ॅडव्हाइज्ड’. आणि ते पद भरलेलं असेल, कंत्राट वेळेवर वाढवलेलं असेल, माणसाला सहा महिन्यांचा थकलेला पगार मिळालेला असेल, हे सगळं धरून चाललोय आपण.

गंमत म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला असायचं काही कारणच नव्हतं. ऑक्युपेशनल थेरपीचं आशियातलं पहिलं विद्यालय आपल्या परळला, केईएममध्ये, १९५० साली सुरू झालं. कमलाबाई निंबकरांनी केलं ते. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी, लग्न होऊन इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. १९५५ मध्ये हाजी अलीला भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आहे. तीनही ठिकाणं मुंबईच्या लोकलने तासाभराच्या आत गाठता येतात. आणि गडचिरोलीला? ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ८६ गावांमधल्या दोन वर्षांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, २०१५ मध्ये तो अभ्यास छापून आला. सगळ्यात मोठं कारण पक्षाघात. १४.३ टक्के, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. मलेरिया, साप, कुपोषण याच्यापलीकडे आदिवासी भागाचा विचारच न करणाऱ्यांना त्या अभ्यासाने हादरवायला हवं होतं. जिथे मरणाऱ्यांत एवढे, तिथे जगून अंथरुणाला खिळलेले किती असतील?

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणारा युक्तिवाद. ‘अहो, आपल्याकडे कुटुंब असतं. परदेशात म्हाताऱ्यांना कोणी बघत नाही म्हणून त्यांना तीन-तीन तास थेरपिस्ट लागतात. आपल्याकडे सून आहे, मुलगी आहे, नातवंडं आहेत. त्यांना दोन व्यायाम शिकवले की झालं.’

हे बोलणाऱ्यांना माहीत नसेल, पण हा प्रयोग झालेला आहे. आपल्याच देशात, आपल्याच घरांत. ‘अटेंड’ नावाची चाचणी, लुधियानाचे डॉक्टर त्यात पुढे होते. १४ रुग्णालयं, १,२५० पेशंट. निम्म्या पेशंटांच्या घरच्यांना नेहमीच्या उपचारांशिवाय व्यवस्थित प्रशिक्षण दिलं, घरी जाऊन पाठपुरावा केला. उरलेल्यांना फक्त नेहमीची सेवा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले पेशंट: प्रशिक्षणवाल्या गटात ४७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. फरक शून्य.

यातून घरच्यांच्या सेवेला किंमत नाही असा अर्थ कृपा करून काढू नका. ती सेवा दोन्ही गटांत होतीच. अर्थ एवढाच की थेरपिस्टचं काम सुनेच्या गळ्यात घातलं तर ते होत नाही. त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे प्रयोग केला, प्रामाणिकपणे उत्तर छापलं. आपली व्यवस्था मात्र ते उत्तर न वाचता अजून तोच उपाय चालवतेय, कारण तो फुकट आहे. म्हणजे सरकारला फुकट. सुनेची नोकरी जाते, मुलीची कॉलेजची वर्षं जातात, त्याचा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही. शहरात ब्युरोची बाई ठेवली तर घरातल्या एकाचा पगार तिकडे जातो. ते ज्यांना जमतं त्यांचं ठीक.

आमच्या घरातली गोष्ट थोडक्यात सांगतो. तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. वाचा गेली. दवाखाना खाजगी, नाव घेत नाही, तातडीचा उपचार खरंच चांगला केला त्यांनी. घरी येताना तेच दोन शब्द. एक मुलगा दहा दिवस येऊन व्यायाम घेऊन गेला, एका भेटीचे सहाशे. मग पैसे आणि उत्साह दोन्ही संपले. कोणीतरी सांगितलं म्हणून दाराच्या चौकटीला पुली बांधली. दोरीच्या एका टोकाला लुळा हात, दुसऱ्या टोकाला चांगला हात. तात्या रोज सकाळी ओढायचे. तीन आठवड्यांत खांदा एवढा दुखायला लागला की हाताला हात लावू देईनात. दवाखान्यात नेलं तर म्हणाले, खांदा निसटलाय.

ही पुली तुम्ही पाहिली असेल. महाराष्ट्रातल्या हजारो दारांना लटकलेली असते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या पुनर्वसनाच्या गाइडलाइनमध्ये स्वच्छ लिहिलंय की डोक्यावरून ओढायची पुली पक्षाघाताच्या पेशंटला देऊ नये, खांद्याला इजा होते. २०१६! एवढी वर्षं झाली, ही एक ओळ जिल्ह्याच्या डॉक्टरापर्यंत, तालुक्याच्या फिजिओपर्यंत, आशाताईपर्यंत मराठीत पोचवायला किती पैसे लागतात? लुळ्या हाताला धरून पेशंटला ओढून उठवू नका, ही दुसरी ओळ. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय आडवं पाडून चमच्याने पाणी पाजू नका, ही तिसरी. या तीन ओळींनी किती खांदे आणि किती फुप्फुसं वाचली असती.

तशा ओळी नसतात तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. कबुतराचं रक्त चोळणारे येतात. अमुक गावात गुरुवारी लकव्याचं औषध मिळतं, एकाच डोसात बरं होतं, अशा गाड्या भरून जातात. आणि पांढरा कोट घालून नुसतं करंटचं मशीन लावून, शेक देऊन, रबरी चेंडू हातात देऊन वीस मिनिटांत पेशंट बाहेर काढणारेही येतात. लोकांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. ज्या माणसाला कोणी आकडा सांगितलेला नाही, तो एक डोस सांगणाऱ्याकडेच जाणार. निदान तो डोस तरी सांगतो!

बरं, पैशाचं. इथे तर व्यवस्थेने कमालच केली आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून कुठल्या गोष्टी वगळता येतील याची प्रमाणित यादी केली. त्यात पाचव्या क्रमांकाचं कलम आहे, त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘विश्रांती उपचार, पुनर्वसन आणि काळजीवाहूंना विसावा’. कलमाचा मजकूर वाचला तर तो मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी भरती होण्याबद्दल आणि अंघोळ घालणं, कपडे घालणं अशा देखभालीबद्दल आहे. पण शीर्षकात पुनर्वसन बसवून ठेवलंय, आणि क्लेम नाकारणाऱ्याला शीर्षक पुरतं. पुनर्वसन आणि विश्रांती एकाच ओळीत! अहो, पुनर्वसन म्हणजे विश्रांतीच्या बरोबर उलट. एक पाऊल टाकायला घामाघूम झालेला पेशंट बघितलाय का कधी या लोकांनी?

सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी दवाखान्यातून घरी गेल्यानंतर ६० दिवसांचा खर्च देते. आयुष्मान भारतमध्ये तो काळ १५ दिवसांचा आहे. योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण, पण भरती असाल तर. ओपीडीत रोज येऊन केलेली थेरपी त्यात बसत नाही. म्हणजे सरकार मेंदूतली गुठळी काढायला लाखभर रुपये भरायला तयार, आणि त्याच माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावं म्हणून तीन महिन्यांच्या थेरपीचे पैसे द्यायला तयार नाही. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सगळ्यात जास्त सावरतो, आणि बरोबर तेव्हाच पेशंट योजनेच्या बाहेर उभा असतो. शेतात विहीर खणायला कर्ज द्यायचं आणि मोटारीला नाही म्हणायचं, त्यातला प्रकार.

वाचेबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांची भाषा बिघडते. बुद्धी शाबूत असते, समोरच्याला ओळखतात, हिशोब कळतो, पण शब्द सापडत नाही. तात्या कित्येक महिने ‘हो’ एवढंच म्हणायचे. भूक लागली तरी हो, राग आला तरी हो. लोक हळूच कानाजवळ बोट फिरवून दाखवायचे, डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. तात्यांना ते दिसायचं. अशांना स्पीच थेरपिस्ट लागतो, आणि तो पेशंटच्या भाषेत काम करणारा लागतो. ‘अ‍ॅपल’चं चित्र दाखवून नंदुरबारच्या भिलीभाषक म्हातारीची वाचा परत येणार नाही. मराठीतली, अहिराणीतली, मालवणीतली, गोंडीतली साधनं तयार करायची कोणी? वांद्र्याला राष्ट्रीय संस्था आहे, विद्यापीठांत भाषाविभाग आहेत. मार्गदर्शक तत्त्वांत ‘पेशंटच्या मातृभाषेत’ हे दोन शब्द बंधनकारक म्हणून आले तर कामाला सुरुवात होईल. अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटून झाले असतील तर या कामासाठीही थोडा वेळ काढावा.

आणि मन. तेही साधारण एक तृतीयांश. एवढ्या पेशंटांना पक्षाघातानंतर नैराश्य येतं. ते ओळखलं नाही तर पेशंट व्यायाम करत नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय, हट्टी झालाय.

कायद्याचं म्हणाल तर कायदे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी दिव्यांगांसाठी पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात. मात्र वाक्याच्या सुरुवातीलाच पळवाट ठेवली आहे: ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत’. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसनाला आरोग्यसेवेत स्थान द्या असा ठराव केला. २०२१ मध्ये आपल्या संसदेने फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी वगैरे व्यवसायांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदाही केला. पण चर्चा कशावर रंगते? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. दोन दिवस सगळ्या ग्रुपवर धुमश्चक्री. दोन्ही बाजूंना माझा नमस्कार. नावामागे काय लावायचं ते लावा, पण तालुक्याच्या ठिकाणी ते नाव लावलेला माणूस पाठवायचा कधी, यावर एवढ्याच जोराने एक पत्र निघू द्या.

‘पैसे नाहीत’ या उत्तराला माझं उत्तर: केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण करून पंचायतीच्या मार्फत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली. ते राज्य काही अमेरिका नाही. आणि ज्या घरातला कमावता माणूस पन्नाशीत लुळा पडतो त्या घराचं किती नुकसान होतं, ते या पैशांच्या हिशोबात धरा.

‘आकडे लिहिले तर डॉक्टर ग्राहक मंचात खेचले जातील’ अशीही एक भीती ऐकू येते. डॉक्टरांबद्दल मला सहानुभूती आहे, पण जबाबदारी डॉक्टरवर टाकाच कशाला? ती पदं मंजूर करणाऱ्यावर टाका. डॉक्टरांनी एवढंच करायचं की कार्डावर दोन शब्दांऐवजी अर्धं पान लिहायचं: कुठल्या थेरपी, रोज किती वेळ, किती आठवडे, काय टाळायचं, पुन्हा तपासणी कधी. त्या अर्ध्या पानाशिवाय डिस्चार्ज पूर्ण धरू नये. महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मानमध्ये तीन महिन्यांचं ओपीडी पुनर्वसनाचं पॅकेज यावं. विम्याच्या त्या कलमातून पुनर्वसन हा शब्द काढावा. उपजिल्हा रुग्णालयापर्यंत फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची कायम पदं, आणि जिल्ह्याला निदान एक स्पीच थेरपिस्ट. आणि दर वर्षाचा निकाल, रुग्णालयाच्या नावासह, जाहीर.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपापल्या जिल्ह्याच्या जिल्हा शल्य चिकित्सकांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चार प्रश्न पुरेत. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्टची मंजूर पदं किती? त्यातली आज भरलेली किती, आणि कंत्राटी किती? मागच्या आर्थिक वर्षात पक्षाघाताचे किती पेशंट भरती झाले? त्यातल्या किती जणांना डिस्चार्जनंतर किमान दहा वेळा थेरपी मिळाली?

चौथ्या प्रश्नाला बहुतेक ‘अशी माहिती संकलित केली जात नाही’ असं उत्तर येईल. तेही जपून ठेवा. उत्तरं आली की पेशंटची नावं झाकून खाली कमेंटमध्ये टाका, जिल्ह्याचं नाव लिहून. साताऱ्याचा अर्ज मी सोमवारी टाकतोय.